इन्क्विझिटरच्या मंजुरीने छापलेली भांग

२३ डिसेंबर १५३४ रोजी 'साव मातेउश' या पोर्तुगीज युद्धनौकेवर एक तह झाला आणि गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याला देऊन टाकला. उत्तरेकडून हुमायून चालून येत होता आणि समुद्रावरचा शत्रू तरी मित्र व्हावा अशी सुलतानाची निकड होती. वसईतल्या चर्चच्या इतिहासाची पहिली तारीख म्हणून ती आपल्याकडे सांगितली जाते. हाच बहादूरशहा आणखी एका पोर्तुगीज कागदात भेटतो. तिथे तो मुलूख देत नाही, भांगेविषयी बोलतो.

तो कागद म्हणजे गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधांवरचे हे संवाद १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात योहानेस द एंदेमच्या छापखान्यात छापून झाले. त्यातला आठवा संवाद भांगेवर आहे. ओर्ता त्यात लिहितो, की पोर्तुगीज आरमारप्रमुख मार्तिं आफोंसो द सोझा यांच्यावर बहादूरशहाचा लोभ होता आणि तो त्यांना मनातल्या गोष्टी सांगे. एकदा सुलतान त्यांना म्हणाला, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराणला जावेसे वाटले, तर आपल्याला थोडी भांग खाल्ली की पुरते.

हे बोलणे कधीचे असेल? सोझा हिंदुस्थानात आले सप्टेंबर १५३४ मध्ये. ओर्ता त्यांचाच वैद्य म्हणून त्याच आरमारातून आला. बहादूरशहा फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवजवळ समुद्रात मारला गेला. म्हणजे वसईचा तह आणि भांगेची ही कबुली एकाच अडीच वर्षांत बसतात. यादीतला ब्राझीलही मला बोलका वाटतो. सोझा नुकतेच ब्राझीलमध्ये वसाहत घालून परतले होते. गुजरातच्या सुलतानाच्या तोंडी त्या दूरच्या किनाऱ्याचे नाव त्यांच्याच गप्पांतून आले असणार. हा माझा तर्क आहे, कागदात तसे लिहिलेले नाही. शिवाय सुलतानाच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, ऐकीव म्हणून छापलेले हे वाक्य. तरीही सांगणारा मालक आणि ऐकणारा त्याचा घरचा वैद्य असल्यामुळे ते सहज झटकून टाकता येत नाही.

हे उकरण्याचे कारण आजचे आहे. गांजा ओढणे ख्रिस्ती माणसासाठी पाप आहे का, हा प्रश्न आज वसईतल्या धर्मग्रामांत युवकांच्या शिबिरात निघतो, कॅनडात गेलेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटात निघतो, आणि त्याला दोन उत्तरे तयार असतात. एकजण सांगतो, चर्चने पहिल्यापासून बंदी घातली आहे. दुसरा सांगतो, उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देवाने बीज देणारी प्रत्येक वनस्पती माणसाला दिली, मग प्रश्नच कुठे उरतो? दोघांनाही इतिहास आपल्या बाजूने आहे असे वाटते. कागद मात्र दोघांचीही पंचाईत करतात.

ओर्ताचा भांगेवरचा संवाद वाचताना पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा सूर. तो वैद्याचा आहे, प्रवचनकाराचा नाही. पाने कुटून चूर्ण करतात, कधी बीही घालतात. सुपारी मिसळतात, कुणी अफू, कुणी साखर. खाणारा चिंता विसरतो, हसत सुटतो, त्याला भूक लागते. नोकरचाकर सांगतात, की हे घेतले की कामाचा शीण जाणवत नाही. पूर्वीचे मोठे सेनापती रात्ररात्र जागत असत, त्यांनी झोप यावी म्हणून हे सुरू केले, अशी एक दंतकथाही तो नोंदवतो. मग येतो त्याच्या डोळ्यांदेखतचा दाखला. बालाघाटात, म्हणजे निजामशाहीच्या मुलखात, त्याच्याबरोबर एक पोर्तुगीज विदूषक होता. त्याने भांगेच्या पाकाचे एक-दोन तुकडे खाल्ले. रात्री त्याला गोड नशा चढली, बोलणे कळेनासे झाले, आणि मग तो रडू लागला, दुःखात बुडून गेला. अनेक पोर्तुगीज पुरुषांनी आणि स्त्रियांनीही आपण भांग खाल्ल्याचे ओर्ताला सांगितले होते. स्वतःविषयी तो एवढेच म्हणतो, की मी चाखली नाही आणि चाखायची इच्छाही नाही.

म्हणजे १५६३ पर्यंत गोव्याच्या ख्रिस्ती पोर्तुगीज घरांत भांग पोचली होती आणि घरची बायामाणसे वैद्याजवळ ते बोलून दाखवत होती. आता त्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे पाहू. त्यावर छापले आहे, की हा ग्रंथ या भागातले इन्क्विझिटर आलेइशो दियश फाल्काँव यांनी पाहिला आणि मंजूर केला. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारे चर्चचे न्यायासन, १५६० मध्ये आले होते. म्हणजे न्यायासन जेमतेम तीन वर्षांचे, उत्साहात, आणि त्याच्या प्रमुखाच्या हाताखालून भांगेचा अख्खा संवाद, सुलतानाच्या रात्रीच्या सफरींसकट, गेला.

यावरून चर्चला भांग मान्य होती असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो चुकीचा आहे. पुस्तक तपासणारा इन्क्विझिटर पाखंड शोधत होता. वनस्पतीचे गुणधर्म त्याच्या कक्षेत येत नव्हते. एवढे मात्र म्हणता येते, की भांग ही श्रद्धेविरुद्धची गोष्ट आहे असे त्या काळच्या सर्वांत संशयी चर्च-अधिकाऱ्यालाही वाटले नाही. पुढे ओर्ताची गाठ याच न्यायासनाशी पडली, पण वेगळ्या कारणाने. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपा यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून काढून त्याच आरोपाखाली जाळण्यात आली. त्याच्या घराण्याचा शब्बाथ न्यायासनाला खुपला. त्याच्या पुस्तकातली भांग खुपली नाही.

मग सोळाव्या शतकातल्या वसईत एखादा नवख्रिस्ती माळी किंवा कोळी पापनिवेदनाला बसला आणि त्याने भांग घेतल्याचे सांगितले, तर फ्रान्सिस्कन किंवा जेझुइट धर्मगुरू काय म्हणाला असता? पापनिवेदनाची नोंद ठेवत नाहीत, तेव्हा त्याचा कागद मिळण्याची आशा करू नये. पण धर्मगुरू ज्या ग्रंथांवर तयार होत, ते ग्रंथ आहेत. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागात मद्याचा विचार सलग दोन प्रश्नांत केला आहे. पिणे हे स्वतः पाप नाही, असे ते पहिल्यात म्हणतात. दुसऱ्यात झिंगण्याचा विचार येतो. पेय किती जोरदार आहे हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याला दोष नाही. पण आपली बुद्धी जाणार हे जाणून, तरी तेच हवे म्हणून जो पितो, तो मरणपाप करतो. कारण पाप टाळण्याची आणि योग्य ते करण्याची शक्ती माणसाला ज्या बुद्धीतून मिळते, ती बुद्धी तो जाणूनबुजून टाकून देतो. या कसोटीत द्राक्षे की ताडी की पाने याला जागाच नाही. विचारायचे ते एवढेच: तुझे भान गेले का, आणि ते जावे म्हणूनच तू घेतलेस का?

बहादूरशहा या कसोटीवर सरळ नापास होतो. त्याला भान घालवायचेच होते, पोर्तुगालला जायचे होते. काम करून थकलेला आणि अंगदुखीसाठी चिमूटभर घेणारा मजूर मात्र तिथे नापास होईलच असे नाही. हा फरक पुढे तीनशे वर्षांनी पुसला गेला.

त्याआधी एक भानगड निकालात काढतो. १४८४ मध्ये आठवे इनोसंट पोप यांनी गांजाला सैतानाचे प्रसादद्रव्य ठरवून बंदी घातली, असे हल्ली पुष्कळ ठिकाणी छापले जाते. त्या वर्षीचे त्यांचे फर्मान चेटकिणींवर आहे. त्यात गांजा नाही, भांग नाही, ताग नाही. मोशेच्या अभिषेकाच्या तेलात गांजा होता, हा दुसऱ्या टोकाचा दावाही असाच ओढूनताणून केलेला आहे. बहुतेक बायबल-अभ्यासक तो मानत नाहीत.

चर्च गप्प असताना राज्य मात्र गप्प नव्हते. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज महसुलाच्या नोंदींत गोव्यातल्या अफू, भांग आणि साबण यांचा मक्ता एकत्र दिल्याचे दिसते. झोप आणणाऱ्या, हसवणाऱ्या आणि अंग धुणाऱ्या तीन वस्तू एकाच मक्तेदाराकडे! तिजोरीला त्यात काही विसंगत वाटले नाही. ख्रिस्ती राजाच्या नावाने भांगेवर कर गोळा होत होता, आणि पुढची तीन शतके, राज्य कुणाचेही आले तरी, भांगेविषयीचे मुख्य प्रश्न महसुलाचेच राहिले.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्यानंतरच्या पडझडीत ख्रिस्तमंदिरांचे किती कागद गेले, याचा विचार करूनच वसईच्या अभ्यासकाने कुठल्याही मौनाचा अर्थ लावावा. मी इथून सरळ १८९३ वर येतो, कारण भांग आणि गांजा यांना नीतीच्या न्यायालयात खऱ्या अर्थाने उभे केले गेले ते तेव्हा. आणि उभे करणारे कॅथलिक नव्हते.

विल्यम स्प्रोस्टन केन हे ब्रिटिश पार्लमेंटातले सभासद. बाप्टिस्ट पंथाचे, बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे जावई, संपूर्ण मद्यत्यागाचे कट्टर प्रचारक. १८८८ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांना जोडणारी मद्यपाननिषेधक संघटना उभी राहिली, तिच्या मुळाशी ते होते. पुढच्या वर्षी त्यांच्या गटाने हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणाविरुद्धचा ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी पार्लमेंटात मंजूर करून घेतला. २ मार्च १८९३ रोजी केन यांनी गांजाच्या लागवडीविषयी आणि त्याच्या नैतिक परिणामांविषयी प्रश्न टाकला. चौकशी आधी बंगालपुरती ठरली होती. ती वाढून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाची झाली. ३ जुलै १८९३ च्या ठरावाने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले, अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सत्तर प्रश्नांची यादी निघाली, १,१९३ साक्षी झाल्या, आणि ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्याहून अहवाल निघाला. साक्षींसह त्याचे सात खंड भरतात. मुंबई इलाख्याच्या साक्षी सातव्यात आहेत.

केन यांच्या पक्षाचे धर्मशास्त्र अक्वायनसहून वेगळे होते. मध्ययुगीन कॅथलिक विचारात मोजमाप होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-अमेरिकन सुवार्तिक चळवळीत मोजमापाला जागा राहिली नव्हती. ज्याने एक जण बुडतो, त्याला दुसऱ्यानेही हात लावू नये, हा तिचा न्याय. तिच्यामागे गिरणगावांतली दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे होती, हे विसरून तिची टर उडवू नये. पण त्या न्यायाने पाप माणसाच्या हेतूतून निघून पदार्थात जाऊन बसले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून जिथे ठाण मांडले होते, त्या अहमदनगर जिल्ह्यातच मुंबई इलाख्यातली गांजाची मोठी लागवड होती. तिथल्या नव्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना दारू, गांजा आणि तंबाखू यांचा त्याग हे ख्रिस्ती होण्याचे दृश्य लक्षण म्हणून मिळाले, तर त्यात नवल नाही.

आता कमिशनच्या सभासदांकडे पाहू. सात जणांत तीन हिंदी. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद आणि कपूरथळ्याचे कुंवर हरनामसिंग. हे तिसरे गृहस्थ राजघराण्यातले, शीख कुळातले, आणि स्वतः ख्रिस्ती झालेले. राजकुमारी अमृत कौर यांचे ते वडील. अहवालाचा निष्कर्ष असा होता, की माफक सेवनाचे शरीरावर, मनावर किंवा नीतीवर दखल घेण्याजोगे वाईट परिणाम दिसत नाहीत. अतिसेवन घातक आहे, विशेषतः ज्यांचे मन आधीच दुर्बल आहे त्यांना. म्हणून बंदी नको, कर आणि नियंत्रण हवे. या निष्कर्षाला दोघांनी भिन्नमत जोडले. ते दोघे म्हणजे राजा रॉय आणि लाला निहालचंद. अधिक कडक भूमिका दोन हिंदू सभासदांची निघाली. मंडळावरच्या हिंदी ख्रिस्ती सभासदाने बहुमतावर सही केली. ख्रिस्ती म्हणजे विरोधी आणि हिंदू म्हणजे अनुकूल, अशी सोपी वाटणी करून या विषयावर लिहिणाऱ्यांनी त्या सह्यांचे पान एकदा पाहावे.

कमिशनचे सर्वांत चोख काम वेड्यांच्या इस्पितळांच्या आकड्यांवर आहे. गांजाने वेड लागते हा समज सरकारी कागदांवरच उभा होता. १८९२ मध्ये देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिले होते. कमिशनने एकेक प्रकरण पुन्हा तपासले. तेव्हा कळले, की कारणाचा रकाना बहुधा डॉक्टर भरतच नव्हता. रुग्णाला आणून सोडणारा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटचा कारकून भरत होता, आणि काहीच माहीत नसले तर 'गांजा' लिहून मोकळा होत होता. तपासणीनंतर ९८ प्रकरणे उरली, त्यांतही केवळ गांजा-भांगेची ६१. सरकारी रकान्यावर कुठवर विसंबावे, याचा हा धडा वसईच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचतानाही उपयोगी पडतो.

याच अहवालाच्या तिसऱ्या खंडात परिशिष्ट म्हणून एक टिपण आहे, गांजाच्या धर्मावरचे. लेखक जे. एम. कॅम्बेल, मुंबईचे जमीन महसूल, जकात आणि अफू खात्याचे कलेक्टर. वसईकरांना हे नाव दुसऱ्या कारणाने ओळखीचे असावे. मुंबई गॅझेटियरचे संपादक ते हेच. ठाणे जिल्ह्याचा १८८२ चा खंड, ज्याच्याशिवाय वसईचा इतिहास लिहिणारा कुणीही एक पाऊल टाकू शकत नाही, तो त्यांच्याच हाताखाली तयार झाला. या टिपणात कॅम्बेल सांगतात, की हिंदूंच्या दृष्टीने ही वनस्पती पवित्र आहे, तिच्या पानात रक्षणकर्ता वास करतो. उत्तरेकडचे मुसलमान तिला अल्लाची नव्हे, पण पैगंबर खिज्र किंवा एलियाच्या आत्म्याची जागा मानतात. एलिया, म्हणजे बायबलमधलाच संदेष्टा! शेवटी ते बजावतात, की इतक्या कृपाळू वनस्पतीवर बंदी घातली तर असंख्य गोरगरिबांना दुःख होईल आणि साधूंचा संताप ओढवेल.

अफू आणि जकातीच्या अधिकाऱ्याने महसुलाची तरफदारी केली असे म्हणून हे टिपण बाजूला सारता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. कॅम्बेल यांचे वडील जॉन मॅक्लाउड कॅम्बेल हे स्कॉटलंडच्या चर्चचे धर्मोपदेशक. ख्रिस्त मोजक्या निवडलेल्यांसाठी नव्हे, तर सगळ्यांसाठी मेला, असे ते शिकवत. त्यावरून १८३१ मध्ये त्यांना पाखंडी ठरवून पदावरून काढले. पुढे १८५६ मध्ये त्यांनी प्रायश्चित्तावर लिहिलेला ग्रंथ इंग्रजी धर्मशास्त्रात मानाचा ठरला. कृपेला कुंपण नाही असे म्हणणाऱ्या बापाच्या मुलाने दुसऱ्यांच्या देवघरातल्या पानाविषयी इतक्या आदराने लिहावे, हा योगायोग असेलही. पुरावा म्हणून मी तो मांडत नाही. पण १८९४ मध्ये गांजाविषयी ख्रिस्ती मत एकच नव्हते, हे दाखवायला केन, हरनामसिंग आणि कॅम्बेल ही तीन नावे पुरेशी आहेत.

आणि वसई? चौकशीचा एवढा पसारा वाचत गेल्यावर जाणवते, की वसईचा ख्रिस्ती माणूस या वादात जवळजवळ नाहीच. गांजा-भांग त्याच्या सणात नव्हती. शिवरात्र आणि शिमगा मागे पडले तशी भांगही मागे पडली असणार. त्याचे पेय ताडी आणि माडी. सामवेदी, वाडवळ, कोळी, कुणाच्याही घरच्या लग्नात त्याशिवाय पान हलत नसे. मुंबईच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी आणि गांजा-भांग एकाच सरकारी छत्राखाली आणली. ताडाच्या झाडावरचा कर वाढला, तो ठाणे जिल्ह्यातल्या बागायतदारांना आणि भंडाऱ्यांना चांगलाच झोंबला. वसईच्या व्यासपीठावरून व्यसनाविषयी जे बोलले गेले, ते पिढ्यान् पिढ्या दारूविषयी. गांजा हा 'त्यांचा' म्हणजे साधूंचा, मजुरांचा, स्टेशनाबाहेरच्या लोकांचा विषय राहिला. स्वतःच्या पेल्याला सवलत आणि शेजाऱ्याच्या चिलमीला शाप, हा दुटप्पीपणा केवळ वसईचा नाही. पण वसईचाही आहे, हे मान्य करायला हवे.

कायद्याने तो दुटप्पीपणा १९४९ मध्ये गमतीदार रीतीने उघडा पाडला. मुंबई दारूबंदी कायद्यात ताडीही बसली आणि भांगही. मिस्साच्या द्राक्षरसासाठी मात्र स्वतंत्र परवानगीची तरतूद ठेवली गेली. वेदीवरचा पेला वैध, बागेतली माडी अवैध. मग १९८५ चा अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. त्याने गांजा म्हणजे शेंडे आणि फुलोरा, चरस म्हणजे राळ, अशी व्याख्या केली आणि नुसती पाने बाहेर ठेवली. म्हणून भांग केंद्रीय कायद्यात सुटते आणि महाराष्ट्रात मात्र परवान्याच्या कचाट्यात सापडते. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेत अल्प प्रमाण. त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कॅथलिक चर्चने यावर विश्वव्यापी धर्मशिकवणीत स्पष्ट वाक्य लिहिले ते १९९२ मध्ये. धर्मशिकवणीच्या ग्रंथाच्या २२९१ व्या परिच्छेदात म्हटले आहे, की अमली पदार्थांचे सेवन मानवी आरोग्याची आणि जीविताची गंभीर हानी करते आणि निव्वळ औषधोपचाराचे कारण सोडले तर तो गंभीर अपराध आहे. चोरटे उत्पादन आणि व्यापारही निंद्य. त्याआधीच्या परिच्छेदात अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक येतो, आणि झिंगून वा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाराही. मद्याच्या बाबतीत 'अति' हा शब्द आहे, अमली पदार्थांच्या बाबतीत नाही. अक्वायनसचे मोजमाप एका परिच्छेदात जिवंत आहे आणि पुढच्यात केन यांची पदार्थावरची बंदी आली आहे, असे मला दिसते. अपवाद औषधाचा, आणि त्याला बायबलचाही आधार आहे. मरणासन्नाला मद्य द्यावे असे नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात आहे. क्रुसावर चढवण्यापूर्वी दिलेला बोळमिश्रित द्राक्षरस मात्र येशूने घेतला नाही. मद्यत्यागाचे प्रचारक दुसरे उदाहरण देतात, रुग्णांची शुश्रूषा करणारे पहिले.

२० जून २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांच्या परिषदेत सौम्य म्हणवल्या जाणाऱ्या नशेलाही कायदेशीर करण्यास विरोध केला. तिकडे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेने २००६ मध्येच गांजाच्या औषधी वापराला पाठिंबा दिला होता. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा दुकानात मिळतो. तिथे राहणाऱ्या वसईकर मुलाला आता 'कायदा मोडतोस' असे आईने फोनवर सांगून चालत नाही. तिला पापाविषयीच बोलावे लागते, आणि त्यासाठी अक्वायनसचा जुना प्रश्न अधिक उपयोगाचा आहे: भान जावे म्हणूनच तू घेतोस का? १८९४ पेक्षा आज मिळणारा माल कितीतरी जहाल असतो आणि कोवळ्या वयातल्या सेवनाचा मेंदूवर होणारा परिणाम वैद्यक गंभीर मानते, हे त्या उत्तरात धरावेच लागेल. कमिशनचा 'माफक' हा शब्द घेऊन आजच्या सोळा वर्षांच्या मुलाची वकिली करणे अप्रामाणिक आहे.

चर्चच्या कामाची एक वेगळी बाजू कागदांत कमी आणि प्रत्यक्षात जास्त दिसते. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः मद्याच्या व्यसनातून बाहेर आलेले, बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य, २००९ चे पद्मश्री. संस्थेचे एक केंद्र वसईत आहे. तिथे व्यसनी माणसाला आजारी समजून दाखल करतात, प्रार्थनेबरोबर योगासने शिकवतात. तिथे पाप की आजार हा वाद घालत बसायला कुणाला फुरसत नसते.

माझे मत विचाराल, तर चर्चचा आजचा नकार मला पटतो, पण तो दोन हजार वर्षांचा आहे ही समजूत पटत नाही. पदार्थावरची बंदी नवी आहे. भान सोडू नये हा आग्रह जुना आहे, आणि तो ताडीच्या पेल्यालाही तितकाच लागू होतो.

या सगळ्या कागदांत वैद्य, इन्क्विझिटर, खासदार, कलेक्टर बोलतात. वसईचा माळी, भंडारी, कोळी बोलत नाही. त्याचे शब्द कुठे असतील तर ते ख्रिस्तमंदिरांच्या कपाटांत आणि घरांच्या माळ्यांवर: धर्मगुरूंच्या प्रवचनांच्या वह्या, रविवारी मिस्सानंतर वाचलेल्या सूचना, लग्नखर्चाच्या याद्या, ताडाच्या कराच्या पावत्या. घर पाडून इमारत बांधताना अशी एखादी वही हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात नेऊन द्या आणि त्यावर कुणाच्या घरातून मिळाली ते लिहून ठेवा.